उत्तर लेखी मागा

मागच्या अंकात मी पुणे महापालिकेच्या मुख्य सभेत अधिकाऱ्यांना प्रश्न कसे विचारले जातात, ते लिहिलं होतं. म्हणणं थोडक्यात असं होतं की, गरिबांच्या घरांवर आणि वस्तीतल्या पाणी-ड्रेनेजवर सभेत भाषणं भरपूर होतात, पण उत्तर देताना खातेप्रमुखाला फाइल उघडावीच लागेल असे प्रश्न फार थोडे येतात. त्यावर बरीच पत्रं आली. मी तीन वेळा नगरसेविका होते, त्यामुळे उत्तरं कुठे अडतात ते जवळून पाहिलं आहे. यावेळचं सदर म्हणून त्या पत्रांनाच देते. पत्रलेखकांची आणि इमारतींची नावं गाळली आहेत. अनेकांनी तशी विनंती केली होती आणि ती रास्त आहे.

प्रश्न : आमची वस्ती उठवून आम्हाला अकरा मजली इमारतीत घरं दिली. दोन लिफ्ट आहेत. एक पहिल्याच वर्षी बंद पडली, दुसरी चालली तर चालते. विकसक म्हणतो, इमारत आता तुमची. वॉर्ड ऑफिसवाले म्हणतात, हे आमच्याकडे येत नाही. सासूबाई सातव्या मजल्यावर आहेत. गुडघ्यांमुळे गेल्या पावसाळ्यापासून खाली उतरलेल्याच नाहीत. आमच्या नगरसेवकांनी सभेत प्रश्न विचारला, त्याची प्रत सोबत जोडली आहे. पण हाती काही आलं नाही. आता कोणाकडे जायचं?
— एक वाचक भगिनी, पर्वती परिसर

उत्तर : ताई, तुम्ही जोडलेली प्रत मी दोनदा वाचली. प्रश्न असा आहे : ‘अमुक इमारतीमधील लिफ्ट बंद आहेत, हे खरे आहे काय? असल्यास त्याबाबत कोणती कार्यवाही केली?’ आणि उत्तर एका ओळीचं : ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ तुम्हाला ही टाळाटाळ वाटली. पण उत्तर कायद्याला धरून आहे. प्रश्न चुकीच्या दारात गेला, म्हणून अधिकारी एका ओळीत सुटले.

कोणती गोष्ट कोणाकडे, ते आधी सांगते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठीचं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण २००५ साली स्थापन झालं. ते राज्याच्या गृहनिर्माण खात्याखाली आहे. तुमची योजना त्या प्राधिकरणाने मंजूर केली, पात्रता त्याच्या यंत्रणेतून ठरली, भोगवटापत्रही, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा दाखलाही, त्यानेच दिला. महापालिका आयुक्त त्या फाइलवर सही करत नाहीत. अशा योजनेत प्रत्येक पुनर्वसन सदनिकेमागे विकसकाने देखभालीसाठी ठरावीक रक्कम भरायची असते आणि तिच्या व्याजातून लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा खर्च निघावा, अशी त्यामागची कल्पना आहे. म्हणून तुमचा पहिला प्रश्न लिफ्टबद्दल नसावाच. तो या पैशांबद्दल असावा. आमच्या योजनेत किती सदनिकांसाठी, किती रक्कम, कोणत्या तारखेला भरली? ती आज कोणत्या बँकेत, कोणाच्या नावे आहे? सोसायटीला तिचं व्याज शेवटचं कधी मिळालं? माहिती अधिकारात हे विचारायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची. मुदतीत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पहिलं अपील करा, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.

हेच प्रश्न तुमच्या आमदारांकडेही द्या, कारण प्राधिकरणाला सभागृहात जाब विचारायचा तर ते सभागृह मुंबईचं किंवा हिवाळ्यात नागपूरचं. तारांकित प्रश्नाचं, म्हणजे ज्यावर मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं त्या प्रश्नाचं, उत्तर मंत्र्यांच्या नावाने छापलं जातं, त्यामुळे खालचं कार्यालय आकडा तपासल्याशिवाय वर पाठवत नाही. आमदारांच्या पीएकडे नुसतं निवेदन देऊन फोटो काढून येऊ नका. प्रश्नाचा मसुदाच लिहून न्या. आमदारांकडे माणसं कमी आणि कामं जास्त असतात, तयार मसुदा असला की तो पुढे जातो.

आता लिफ्ट. लिफ्टचा परवाना आणि तपासणी महापालिकेकडे नाही, प्राधिकरणाकडेही नाही. ते काम राज्याच्या विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडे आहे. त्यासाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, उद्वाहने, सरकते जिने आणि फिरते मार्ग यांचा. त्या कार्यालयाला एक पत्र द्या : आमच्या इमारतीतल्या दोन्ही लिफ्टचे परवाने कोणाच्या नावे आहेत, शेवटची तपासणी कधी झाली, तपासणी अहवालात काय शेरा आहे. सोसायटीची नोंदणी झालेली असूनही परवाना अजून विकसकाच्याच नावे निघाला, तर ‘इमारत आता तुमची’ हे त्याचं म्हणणं तिथेच लंगडं पडतं.

मग नगरसेवकाने काय विचारायचं? त्याच्या हातात एक चांगला धागा आहे आणि तो कोणी धरलेला दिसत नाही. अग्निशमन दल महापालिकेचं आहे. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करायचं असतं. उंच इमारतीत आगीच्या वेळी जवानांना वापरता येईल अशी लिफ्ट असावी लागते. तेव्हा मुख्य सभेत विचारायचं ते असं : या इमारतीला अग्निशमन दलाचा अंतिम ना हरकत दाखला कोणत्या तारखेला दिला? त्यानंतर सहामाही प्रमाणपत्रं कोणकोणत्या तारखांना आली? न आल्यास नोटीस कोणाला, कधी दिली? याला ‘अखत्यारीत येत नाही’ असं उत्तर देताच येत नाही. आणि हा प्रश्न फक्त तुमच्या इमारतीपुरता न ठेवता क्षेत्रीय कार्यालयाच्या, म्हणजे वॉर्ड ऑफिसच्या, हद्दीतल्या सगळ्या पुनर्वसन इमारतींसाठी विचारायला सांगा. एका इमारतीच्या उत्तराकडे कोणी पाहणार नाही, पण सगळ्या इमारतींची यादी पटलावर आली, की ती वर्तमानपत्रांतही येते.

अशाच एका इमारतीत मी एका अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन जिन्याने वर चढले होते. चौथ्या मजल्याच्या वळणावर प्लास्टिकची खुर्ची होती, आठव्याच्या वळणावर एक हात मोडलेली दुसरी. चढताना म्हाताऱ्या माणसांना दम घेता यावा म्हणून रहिवाशांनी ठेवलेल्या. शेजारी खिळ्याला पाण्याची बाटली टांगलेली. तळमजल्यावर बंद लिफ्टच्या दाराला दसऱ्याचं झेंडूचं तोरण तसंच वाळलेलं होतं. खंडेनवमीला लिफ्ट चालू होती, म्हणून बायकांनी तिची पूजा केली होती. अधिकाऱ्यांनी डायरीत ‘लिफ्ट नादुरुस्त’ एवढंच लिहिलं. मी त्यांना खाली मजल्यांची संख्या लिहायला लावली, साठ वर्षांवरच्या रहिवाशांची संख्या लिहायला लावली आणि खुर्च्यांचाही उल्लेख करायला सांगितलं. तो अहवाल पुढे गेला तेव्हा वाचणाऱ्याला काहीतरी दिसलं. तुमच्या अर्जात सासूबाई सातव्या मजल्यावर अडकल्या आहेत, हे पहिल्या वाक्यात लिहा. घरी डॉक्टर आणावे लागत असतील, तर तेही लिहा.

प्रश्न : आमच्या प्रभागात चार नगरसेवक निवडून आले. ड्रेनेजचं चेंबर तुंबलं म्हणून फोन केला, तर एक म्हणतात ‘तो भाग माझ्याकडे नाही, अमक्यांकडे आहे’. ते अमके म्हणतात तिसऱ्यांकडे. खरंच अशी वाटणी असते का?
— एक वाचक, वारजे

उत्तर : कायद्यात अशी वाटणी नाही. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले गेले. अ, ब, क, ड या जागा आरक्षणासाठी आणि मतदानासाठी आहेत. तुम्ही प्रत्येक जागेसाठी मत दिलंत, म्हणजे निवडून आलेला प्रत्येक जण तुमचा आणि प्रत्येकाची जबाबदारी पूर्ण प्रभागाची. गल्ल्यांची वाटणी ही त्यांची आपसातली सोय आहे. तिचा तुमच्यावर काहीही बंधनकारक परिणाम नाही.

तक्रार एकाच कागदावर, चौघांच्या नावे लिहा, प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पुण्यात अशी पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत, तुमचं वारजे-कर्वेनगर. प्रभाग समितीची बैठक तिथेच होते. चेंबर, कचरा, पथदिवे या कामांसाठी ती मुख्य सभेपेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण संबंधित अभियंते समोर बसलेले असतात. तुंबलेल्या चेंबरचा विषय मुख्य सभेपर्यंत गेला, तर खाली काहीतरी बिनसलं आहे असं समजायचं.

एक मात्र लक्षात ठेवा. मार्च २०२२ मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. जवळजवळ चार वर्षं एकही लेखी प्रश्न सभेपुढे आला नाही. कित्येक कनिष्ठ अभियंत्यांनी नोकरीला लागल्यापासून प्रभाग समितीची बैठकच पाहिलेली नसेल. त्यामुळे सुरुवातीला थोडा नेट लावावा लागेल, आणि तो लावायला हवा.

प्रश्न : आमच्या वस्तीचं सर्वेक्षण झालं. यादीत माझं नाव ‘अपात्र’ आलं आहे. मी लग्न होऊन इथे आले त्याला तीस वर्षं झाली. मिस्टर वारले. कागदपत्रं सगळी त्यांच्या नावाची. आमचे नगरसेवक म्हणतात ‘मी बोलतो साहेबांशी’. बोलून होतं का?
— हडपसरच्या एक वाचक

उत्तर : बोलून होत नाही, वहिनी. ज्या यादीबद्दल तुम्ही लिहिता, ती झोपडपट्टी पुनर्वसनातल्या पात्र-अपात्र रहिवाशांची यादी. तिला परिशिष्ट-२ म्हणतात. ती सक्षम प्राधिकारी तयार करतात आणि त्यात नाव कागदावरच चढतं किंवा उतरतं. नगरसेवकांनी साहेबांशी बोलायला हरकत नाही, पण त्या बोलण्याच्या भरवशावर मुदत जाऊ देऊ नका. आदेशात किंवा नोटिशीत हरकतीची आणि अपिलाची मुदत लिहिलेली असते. आधी ती तारीख शोधा आणि कॅलेंडरवर गोल करा.

नियम असा : १ जानेवारी २००० च्या आधीपासून झोपडी असल्याचा आणि आज तिथे राहत असल्याचा पुरावा असला, तर घर मोफत. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला घर मिळतं, पण सशुल्क. तुम्ही तीस वर्षं म्हणता, म्हणजे तुम्ही पहिल्या गटात बसायला हव्यात. ‘अपात्र’ शेऱ्यापुढे कारण लिहिलेलं असतं. ते कारण लेखी मागून घ्या, कारण ‘पुरावा अपुरा’ आणि ‘वारसनोंद नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या बाबतीत मला दुसरीच शक्यता जास्त वाटते. तसं असेल तर मिस्टरांचा मृत्यूचा दाखला, लग्नाचा किंवा रेशनकार्डावरचा पुरावा आणि मुलांची संमती लावून वारस म्हणून नोंद मागायची.

पुराव्यासाठी घर उलटंपालटं करा. जुना फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), झोपडीच्या सेवाशुल्काच्या पावत्या, वीजबिलं, मतदारयादीतलं नाव, मुलांचे शाळेचे दाखले ज्यांवर वस्तीचा पत्ता आहे. मतदारयादीचा जुना उतारा निवडणूक कार्यालयातून काढता येतो. शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा फार कामाला येतो, आणि लोकांना तोच शेवटी सुचतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या पुरात माझ्या वडिलांचं नदीकाठचं घर गेलं आणि पूरग्रस्त म्हणून एक खोली मिळाली. त्या खोलीचा वाटपाचा कागद त्यांनी शेवटपर्यंत ट्रंकेच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवला होता. पुढे आम्हा भावंडांना प्रत्येक सरकारी कामात तोच कागद उपयोगी पडला.

नगरसेवकांना एकच काम सांगा. वस्तीत ज्यांच्या नावापुढे ‘अपात्र’ आहे, त्यांतल्या विधवा आणि परित्यक्ता बायकांची वेगळी यादी करा, आणि प्रत्येकीचं कारण पुढे लिहा. एका वस्तीत अशा अनेक जणी एकाच कारणाने बाहेर राहिलेल्या दिसल्या, तर तो प्रश्न आमदारांनी विधानसभेत विचारण्यासारखा होतो. घर मिळताना ते नवरा-बायको दोघांच्या नावे करायचं असतं. नवरा नसलेल्या बाईचं नाव मात्र यादीतूनच गळतं, हे मला कधीही पटलेलं नाही.

प्रश्न : मी पंचवीस वर्षांचा, डिलिव्हरीचं काम करतो. म्हाडाच्या सोडतीत नाव लावून देतो म्हणून एकाने वीस हजार मागितले. द्यावेत का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. सोडत संगणकावर होते, नोंदणी ऑनलाइन आणि स्वतःची स्वतः करायची. पुणे महानगर क्षेत्रात म्हाडाचा अत्यल्प उत्पन्न गट कुटुंबाच्या वार्षिक सहा लाखांपर्यंत आहे आणि अल्प गट नऊ लाखांपर्यंत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुर्बल घटकासाठी मात्र तीन लाखांची मर्यादा आहे. दोन्हींचा गोंधळ करून लोक चुकीच्या गटात अर्ज भरतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, सोडत जाहीर झाल्यावर रांगा लागतात.

यात राजकारण्यांनी विचारायचा खरा प्रश्न वेगळाच आहे. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प झाला, तर त्यातली २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायची असतात आणि त्यांची सोडत म्हाडा काढते. तुमच्यासारख्या माणसाला बाणेर-बालेवाडीत घर मिळण्याची शक्यता असलीच, तर ती या वाटेने. मग मुख्य सभेत विचारा : अशा किती प्रकल्पांना बांधकाम परवानगी दिली? त्यांतली किती घरं म्हाडाला कळवली? किती प्रकल्पांना ती घरं न देताच भोगवटापत्र मिळालं? २०२२ साली नाशिकमधल्या या २० टक्के घरांचा विषय विधान परिषदेत इतका तापला, की आयुक्तांच्या बदलीचा आदेश सभागृहातून निघाला. भूखंडाचे तुकडे पाडून क्षेत्र चार हजारांच्या आत दाखवलं जातं, असा तिथला आरोप होता. पुण्यातल्या नव्या सभागृहातल्या प्रत्येक नगरसेवकाने आपल्या प्रभागापुरता तरी हा आकडा मागावा, असं मला मनापासून वाटतं. पैसा न खर्चता याच्याइतकी घरं मिळवून देणारा दुसरा प्रश्न नाही.

प्रश्न : मी महापालिकेतून निवृत्त झालेला अभियंता आहे. तुमचा लेख वाचला. सभेत आम्हाला उभं करून ओरडलं जायचं, ‘खुर्चीवरून उठा’, ‘लाज वाटत नाही का’ असं बोललं जायचं. टीव्हीवर त्याची क्लिप चालायची. काम तसंच राहायचं. तुम्ही राजकारण्यांना आणखी प्रश्न विचारायला सांगता, त्यात आमच्या माणसांचं काय?
— एक निवृत्त अभियंता, सदाशिव पेठ

उत्तर : साहेब, तुमच्याशी मी सहमत आहे, आणि म्हणूनच प्रश्न लेखी असावा असा माझा आग्रह आहे.

महापालिका अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये नगरसेवकाला आयुक्तांना प्रश्न विचारायचा अधिकार आहे. त्यासाठी नगरसचिवांकडे सात पूर्ण दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते. मत मागणारा प्रश्न चालत नाही, कल्पनेवर आधारलेला चालत नाही, अधिकाऱ्याच्या खासगी वागण्याबद्दलचा चालत नाही, बदनामीकारक तर मुळीच नाही. कायदा करणाऱ्यांनी फार विचार करून हे लिहिलं आहे. ‘लाज वाटत नाही का’ हा या कलमात बसणारा प्रश्नच नव्हे. सात दिवसांची मुदत असली की अधिकाऱ्याला फाइल मागवता येते, जागेवर माणूस पाठवता येतो. आयत्या वेळी उभं केलं की तो ‘माहिती घेऊन कळवतो’ एवढंच म्हणणार. दुसरं काय म्हणेल?

सभागृहातला एक क्षण मी नेहमी पाहत असे. खातेप्रमुख उत्तराला उभे राहत आणि मागच्या बाकावरून एखादा कनिष्ठ अभियंता झेरॉक्सच्या कागदामागे लिहिलेली चिठ्ठी पुढे सरकवत असे. आकडा त्या चिठ्ठीत असायचा. ती पोचायच्या आधी वरून आरडाओरडा सुरू झाला, की साहेब चिठ्ठी न उघडताच खिशात घालत आणि ‘कार्यवाही प्रस्तावित आहे’ म्हणून बसत. मी मग खाली बसून वाट पाहायची, त्यांना कागद उघडून वाचू द्यायची, आणि दुसरा प्रश्न त्या आकड्यावर विचारायची. इतर सदस्य म्हणत, ताई, तुम्ही फार सौम्य बोलता. पण त्या आकड्याची इतिवृत्तात नोंद होत असे, आणि पुढच्या सभेला तोच आकडा हातात घेऊन उभं राहता येत असे.

तुमच्याच खात्यातल्या एका तरुण अभियंत्याने मला एकदा जिन्यात गाठून सांगितलं होतं, ‘मॅडम, त्या वस्तीच्या ड्रेनेजचं एस्टिमेट मी दोन वेळा वर पाठवलंय. तुम्ही लेखी प्रश्न टाका, म्हणजे मला फाइलला ते जोडता येईल.’ मी प्रश्न टाकला. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कामाला तरतूद झाली. प्रामाणिक अधिकाऱ्याला चांगल्या प्रश्नाची गरज असते. त्याच्याकडे तांत्रिक माहिती असते, पण वरच्यांना हलवायचं बळ नसतं. वस्तीतल्या बाईकडे अडचण असते, पण कोणत्या टेबलावर जायचं ते माहीत नसतं. निवडून आलेल्या माणसाचं काम या दोघांना एका कागदावर आणण्याचं आहे.

प्रत्येक वेळी असं होत नाही, हेही खरं. काही अधिकारी खोटा आकडा देतात. त्यांच्यावर आवाज चढवायला माझी ना नाही, पण आधीचं लेखी उत्तर हातात घेऊन.

तुमच्यासारख्या निवृत्त लोकांना माझी विनंती आहे. मोहल्ला समितीच्या बैठकांना या. तिथे नागरिक आणि वॉर्ड ऑफिसचे अधिकारी समोरासमोर असतात. एस्टिमेट कसं वाचायचं, कामाचा आदेश आणि प्रत्यक्ष मोजमाप यांत फरक कुठे पाहायचा, हे तुम्ही चार जणांना शिकवलंत, तर त्या बैठकीचा नूर पालटेल.

प्रश्न : आमचं गाव महापालिकेत आलं, पण पाणी अजून टँकरचंच. २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गीयाँ-बारे, हातापायांतली ताकद जाणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली, तेव्हा सगळे येऊन गेले. आता कोणी येत नाही. नव्या नगरसेवकांना काय विचारायला सांगावं?
— किरकटवाडीच्या काही वाचक महिला

उत्तर : ३० जून २०२१ च्या निर्णयाने महापालिकेत आलेल्या तेवीस गावांत तुमचं गाव होतं. कर महापालिकेचा, पाणी मात्र टँकरवाल्याचं, अशी अवस्था या गावांत बराच काळ राहिली. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गीयाँ-बारेचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. साथ ओसरल्यावर ते हललं, हे तुम्ही लिहिलंत ते मी शब्द न बदलता मान्य करते.

‘पाणी कधी मिळणार?’ असं विचारायला सांगू नका. त्याचं उत्तर ‘योजना प्रगतिपथावर आहे’ असं येईल आणि तेवढ्यावर सगळं थांबेल. तुमच्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाइपलाइनच्या पाण्याचा लांबचा, आणि आज पिंपात जे पाणी पडतं ते पिण्याजोगं आहे का, हा आजचा. आधी दुसरा धरा.

नळाच्या टोकाला पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर इतका क्लोरिन उरलेला असावा, हे मानक आहे. आरोग्य कर्मचारी ज्याला ओटी टेस्ट म्हणतात, तिच्यात पाण्यात दोन थेंब टाकले की पिवळा रंग येतो. रंग आलाच नाही, तर क्लोरिन नाही. ही तपासणी तुमच्या डोळ्यांदेखत, टँकर रिकामा होताना करून घ्या. आशा ताईंना किंवा जवळच्या दवाखान्यातल्या सेविकेला सांगितलं तर त्या करून दाखवतील. तारीख, वेळ, टँकरचा नंबर आणि रंग आला की नाही, एवढं एका वहीत लिहीत जा. घरातल्या शाळकरी मुलीला हे काम द्या, ती चोख करते असा माझा अनुभव आहे.

वही थोडी भरली की तिची झेरॉक्स लावून, प्रभागातल्या सगळ्या नगरसेवकांच्या नावे हा मसुदा द्या. आहे तसाच उतरवून घेतलात तरी चालेल :

‘किरकटवाडी परिसराला पाणीपुरवठा करणारे टँकर कोणत्या भरणा केंद्रांवर अथवा विहिरींवर भरले जातात, त्यांची नावे व ठिकाणे द्यावीत. गेल्या सहा महिन्यांत या प्रत्येक ठिकाणच्या पाण्याची तपासणी कोणत्या तारखांना झाली व उर्वरित क्लोरिनचे प्रमाण किती आढळले? प्रमाण कमी आढळले असल्यास टँकर भरणे कोणत्या तारखेला थांबवले? खासगी टँकरची तपासणी कोणत्या पदावरील कर्मचाऱ्याकडे सोपवली आहे? सर्व तपासणी अहवालांच्या प्रती पटलावर ठेवाव्यात.’

नगरसचिवांच्या कार्यालयातला आवक क्रमांक नगरसेवकांकडून मागून घ्या. पुढे कोणी ‘प्रश्न आलाच नाही’ म्हणालं, तर तो क्रमांक दाखवायचा. उत्तर छापून आलं की त्याची प्रत मला पाठवा. त्यावर उपप्रश्न काय विचारायचे, ते पुढच्या अंकात लिहीन.